लहान आनंदांनाही जागा लागते

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात घडणारा रेल्वेचा रूळ १३० मीटर लांब असतो. असे दोन रूळ सांधले की २६० मीटरचा सलग पट्टा तयार होतो आणि तो ओळीने जोडलेल्या कित्येक वाघिणींवर लादून देशभर पाठवला जातो. या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ साली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती, पुढे ती अनेक पटींनी वाढली. लोहखनिज दल्ली राजहराच्या डोंगरांतून येते, चुनखडी नंदिनीच्या खाणीतून. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग सोडून पुढे निघाली की या कारखान्याचा पसारा कितीतरी वेळ खिडकीतून दिसत राहतो. भिलाईत सगळेच अवाढव्य.

आणि तरीही, ज्याचे बालपण कारखान्याच्या वसाहतीतल्या एखाद्या सेक्टरमध्ये गेले त्याला गावाबद्दल विचारा. तो टनांबद्दल फारसे बोलणार नाही. क्वार्टरच्या मागच्या अंगणातला पेरू, दारातला मुनगा म्हणजे शेवगा, मैत्रीबागेतली छोटी आगगाडी, सिव्हिक सेंटरला जाऊन खाल्लेले गुपचुप म्हणजे पाणीपुरी, बंगाली शेजाऱ्यांची दुर्गापूजा, तेलुगू काकूंकडची इडली, नाइट शिफ्ट संपवून आलेल्या वडिलांची सकाळची झोप मोडू नये म्हणून घरभर पाळलेली शांतता, हे त्याच्या बोलण्यात येईल. देशाला रूळ पुरवणाऱ्या गावात राहूनही माणसाच्या मनात टिकते ते असे मूठभर आकाराचे काही.

हे का होते, याचे अर्धे उत्तर गेल्या पन्नास वर्षांतल्या मानसशास्त्राने शोधून काढले आहे. उरलेले अर्धे भिलाईसारख्या गावाच्या घडणीत सापडते. दोन्ही उत्तरे एकत्र पाहायला हवीत. कारण ‘छोट्या गोष्टींत आनंद शोधा’ हा उपदेश आपण सतत ऐकतो, पण तो आनंद कशावर उभा असतो हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

मेंदू सरावतो

भिलाईत नव्याने आलेल्या माणसाला पहिले काही दिवस रात्री कारखान्याच्या दिशेने आकाशावर उमटणारी तांबूस झाक जाणवते, दूरवरून येणारी घरघर ऐकू येते. काही आठवड्यांनी दोन्ही मागे सरतात. आकाश तेच असते, आवाजही तोच, फक्त मेंदूने त्यांची दखल घेणे थांबवलेले असते. जे बदलत नाही त्यावर तो शक्ती खर्च करत नाही. धोका असो की लाभ, दोन्ही बहुधा बदलातूनच येतात, म्हणून बदलाकडे लक्ष ठेवणे त्याच्या हिताचे असते.

आनंदाच्या बाबतीतही तो असाच वागतो. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत डोपामाइन पेशींची एक विशेष गोष्ट दिसली. अचानक फळांच्या रसाचा घोट मिळाला की या पेशी चटकन उत्तेजित होत. पण आधी खूण मिळून रस येणार हे ठाऊक झाले, की रस आल्यावर त्या विशेष प्रतिसाद देईनाशा झाल्या. म्हणजे या पेशी मोजतात ती अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत. तफावत संपली की त्यांच्या दृष्टीने बातमीही संपली.

आता याच्या जोडीला १९७८ सालचा एक प्रसिद्ध अभ्यास ठेवू. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठले आणि त्यांची तुलना लॉटरी न लागलेल्या सामान्य लोकांशी केली. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणे, कुणी केलेली स्तुती, मासिक वाचणे अशा रोजच्या गोष्टींतून किती सुख मिळते, असे दोन्ही गटांना विचारले. लॉटरीवाल्यांना या गोष्टींतून मिळणारे सुख इतरांपेक्षा कमी निघाले. एका प्रचंड आनंदाने मोजपट्टीच बदलून टाकली होती आणि तिच्यावर न्याहारी आता फार लहान दिसू लागली होती.

या अभ्यासाचा दाखला देताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यातली माणसे फार थोडी होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासात, मोठी लॉटरी लागलेल्यांचे आयुष्याबद्दलचे समाधान कित्येक वर्षांनंतरही वाढलेलेच आढळले. पैशाने काहीच होत नाही असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. पण मोठ्या घटनेची चमक रोजच्या जगण्यात आपोआप उतरत नाही, हा ब्रिकमन यांचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली हाच विचार पुढे नेला. माणूस एकंदरीत सुखी आहे की नाही हे त्याला सुखाचे क्षण किती वेळा लाभतात यावर अधिक अवलंबून असते, ते क्षण किती तीव्र आहेत यावर कमी. तीव्र आनंद दुर्मीळ असतात आणि पुष्कळदा त्यांची किंमतही मोजावी लागते. लहान आनंद दिवसातून दहा वेळा येऊ शकतात. झोतभट्टीचे उद्घाटन एकदाच होते, चहा रोज होतो.

भट्टीसमोरचा चहा

चहाचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून अनेक वर्षे भिलाईत येऊन इथल्या कामगारांचे जीवन अभ्यासले. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये मांडले होते की कारखान्याने माणसाला घड्याळाच्या दावणीला बांधले आणि शेतावरच्या कामाची मोकळी लय हिरावून घेतली. पॅरींना भिलाईत वेगळेच ऐकायला मिळाले. आसपासच्या खेड्यांतून कारखान्यात आलेल्या माणसांना शेतावरचे काम हेच खरे कष्टाचे वाटत होते. कारखान्यात कामाचा जोर येई, मग थोडी उसंत मिळे. त्या उसंतीत चहा, गप्पा, डबे एकत्र उघडणे. त्यांच्या एका लेखाचे शीर्षकच ‘सैतानी शेते, सुखद गिरण्या’ अशा अर्थाचे आहे.

कोक ओव्हन म्हणजे कारखान्यातल्या सर्वांत तापलेल्या आणि धुळीच्या विभागांपैकी एक. तिथल्याही कायम कामगारांच्या टोळ्यांमध्ये छत्तीसगडी, बिहारी, तेलुगू, मल्याळी अशी माणसे वर्षानुवर्षे एकत्र राबली. त्यांनी एकमेकांच्या डब्यातले खाल्ले, एकमेकांच्या घरच्या लग्नांना हजेरी लावली. काम जड होते आणि धोक्याचेही होते, यात शंका नाही. पण त्या कामाच्या फटींमध्ये जे घडत होते त्यानेच दिवस सुसह्य होत होता, आणि कित्येकदा सुखाचाही.

पोलादाच्याच दुनियेतले आणखी एक उदाहरण मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या १९९० सालच्या ‘फ्लो’ या पुस्तकात आहे. शिकागोच्या दक्षिण भागात रेल्वेचे डबे जोडणारा एक कारखाना होता. तिथे जो नावाचा साठीतला वेल्डर काम करी. शाळा चौथीपर्यंत झालेली. कारखान्यातले कुठलेही यंत्र तो दुरुस्त करू शके, कारण बिघडलेल्या यंत्राच्या जागी आपण आहोत अशी कल्पना करून तो बिघाड शोधायचा. बढती त्याने नाकारली होती. घरी त्याने खडकांची बाग केली आणि तिला पाणी शिंपडण्यासाठी अशी नळी बसवली की तुषारांत इंद्रधनुष्य उमटावे. संध्याकाळी घरी येईपर्यंत ऊन उतरलेले असे, म्हणून त्याने बागेत मोठे दिवे लावले आणि रात्रीचे इंद्रधनुष्य पाहिले. चिक्सेंटमिहाय यांना त्याच्यात जे दिसले ते आपल्यालाही दिसावे असे आहे. नीरस समजल्या जाणाऱ्या कामाकडे त्याने इतके बारकाईने पाहिले की ते नीरस उरलेच नाही.

नेहमीचा क्रमही वाटतो तितका रुक्ष नसतो. समँथा हाइन्त्सेलमन आणि लॉरा किंग यांच्या २०१९ मधल्या संशोधनात, ज्यांचे दिवस ठरावीक लयीने जातात त्यांना आयुष्य अधिक अर्थपूर्ण वाटते असे आढळले. भिलाईच्या घरांमध्ये ही लय शिफ्टने ठरवली. सकाळची, दुपारची, रात्रीची. वडिलांची शिफ्ट बदलली की आईच्या स्वयंपाकाची वेळ बदले, मुलांच्या खेळण्याची जागा बदले. या लयीचा भार बायकांवर अधिक पडला, हे विसरता येत नाही. पण त्याच लयीमुळे कधी दुपारी, कधी सकाळी, वडील घरात असण्याचा अवेळीचा आनंदही मुलांना मिळाला.

ऋतूची शिस्त

सरावलेल्या मेंदूला पुन्हा ताजे कसे करायचे? जोर्दी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चॉकलेट दिले. मग काहींना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितले, काहींना हवे तितके खायला दिले. आठवड्यानंतर पुन्हा सर्वांनी चॉकलेट खाल्ले, तेव्हा वर्ज्य करणाऱ्यांना त्याची गोडी अधिक लागली. थोडा काळ दूर राहिले की सवयीची धार बोथट होते आणि आनंदाची धार परत येते.

छत्तीसगडच्या बाजारात हा प्रयोग ऋतू दरवर्षी करतो. थंडी सरता सरता तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळीच्या, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या शेंगांचे ढीग दिसतात. मग काही दिवस बोहार भाजी येते, म्हणजे आपल्या भोकराच्या कळ्या आणि कोवळा पाला. भाव चढा असतो आणि तरी लोक ती घेतात, कारण ती लवकरच संपणार हे सगळ्यांना ठाऊक असते. लाल भाजी, चेच भाजी, आणखी कितीतरी पालेभाज्या आपापल्या वेळी येतात आणि जातात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात गेला की बासी येते. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, जमल्यास दही किंवा लोणचे. शेतावर आणि बांधकामावर राबणाऱ्यांचे हे अन्न. २०२२ साली १ मे या कामगार दिनी छत्तीसगड सरकारने ‘बोरे बासी’ खाण्याचे आवाहन केले, तेव्हा शहरी घरांतही त्या वाडग्याकडे नव्या नजरेने पाहिले गेले.

सणांचेही तसेच. महाराष्ट्रात आषाढी अमावस्येला आपण दिव्यांची पूजा करतो. त्याच दिवशी छत्तीसगडमध्ये हरेली असते. शेतीच्या अवजारांची पूजा होते आणि मुले बांबूच्या गेडीवर चढून गल्लीबोळांतून चालतात. पुढच्या अमावस्येला पोळा, तिथे त्याला पोरा म्हणतात. मुलांना मातीचे बैल आणि मुलींना मातीची चूल-जाती अशी खेळणी मिळतात. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. विदर्भातून नोकरीसाठी भिलाईला गेलेल्या कुटुंबाला पोळ्याच्या दिवशी परकेपणा वाटत नाही, ते अशा जुन्या सलगीमुळे. हरतालिकेच्या सुमाराला तीजा असतो आणि त्यासाठी लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. पौष पौर्णिमेला छेरछेरा, तेव्हा मुले दारोदार जाऊन नव्या धानाचे दान मागतात आणि कुणी त्यांना रिकाम्या हाती पाठवत नाही.

फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ यांनी २००७ मध्ये आनंद चाखण्याच्या क्षमतेवर एक पुस्तक लिहिले. आनंद तिन्ही काळांत चाखता येतो असे ते सांगतात. येणाऱ्याची वाट पाहताना, हाती असलेले अनुभवताना आणि गेलेले आठवताना. गेडी बनवण्यासाठी बांबू शोधणारे पोर हरेलीच्या कितीतरी आधीपासून हरेली अनुभवत असते. ऋतू आणि सण आनंदाला तारीख देतात, आणि तारीख मिळाली की वाट पाहता येते. वर्षभर सगळे काही मिळू लागले की पदार्थ हाती येतो, पण ही वाट हरवते.

रागी हवा

तिन्ही काळांत चाखलेला आनंदही एकट्याजवळ ठेवला तर लवकर विरतो. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एका दुर्लक्षित प्रश्नाला हात घातला. संकटात जोडीदार कसा वागतो हे पुष्कळांनी अभ्यासले होते. चांगली बातमी सांगितल्यावर तो कसा वागतो? चांगली गोष्ट दुसऱ्याला सांगितली की त्या दिवसाचा आनंद त्या घटनेपुरता न राहता वाढतो, असे त्यांना आढळले. ऐकणाऱ्याने उत्सुकतेने प्रश्न विचारले, मनापासून रस घेतला, तर तो आणखी वाढतो आणि नातेही घट्ट होते. नुसते ‘अरे वा’ म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोके घातले, तर हा लाभ मिळत नाही.

भिलाईच्या आसपासच्या मातीला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या तीजन बाई पंडवानीच्या, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याच्या लोककलेच्या, थोर गायिका. बायकांनी बसून गावे अशी रीत होती, त्या उभ्या राहून, रंगमंचभर फिरत, कापालिक शैलीत गाऊ लागल्या. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि महाभारत जगभर नेले. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातात एकच तंबुरा असतो. तोच भीमाची गदा होतो, तोच अर्जुनाचे धनुष्य. एका साध्या वस्तूत किती काही पाहता येते, याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

पण पंडवानी एकट्या गायकाने होत नाही. समोर रागी बसलेला असतो. गायिका एक ओळ सांगते आणि रागी हुंकार देतो, विचारतो, आश्चर्य करतो, पुढे काय झाले म्हणून खोदतो. कथा त्याला पाठ असते. तरी तो दरवेळी प्रथमच ऐकल्यासारखा ऐकतो. त्याच्या हुंकारावर कथा उंच चढते. घरोघरी असा रागी हवा. शाळेतून आलेले पोर आज मैदानावर भारद्वाज पाहिल्याचे सांगते, म्हातारी सासू बाजारात बोहार भाजी आल्याचे सांगते, नवरा कामावरची एक बारीकशी गंमत सांगतो. त्या क्षणी कुणी हुंकार दिला तर तो प्रसंग दोघांचा होतो आणि टिकतो. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या रांगांनी, जिन्यांनी आणि अंगणांनी हे सहज घडवले. केरळचा, आंध्रचा, बंगालचा, पंजाबचा, विदर्भाचा माणूस एका भिंतीपलीकडे राहत होता आणि प्रत्येकाच्या सणाला दुसऱ्याच्या घरी ताट जात होते. भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात, ते अशा शेजारामुळे सार्थ ठरते.

अर्थ कुठून येतो

सुख आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही समजून घेतले पाहिजे. आयुष्याला अर्थ आहे असे वाटण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे संशोधक दीर्घकाळ मानत आले. जगण्याचा काहीएक मेळ लागणे, पुढे ध्येय असणे आणि आपल्या असण्याने काही फरक पडतो असे वाटणे. २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात जिनह्युंग किम, जोशुआ हिक्स, फ्रँक मार्टेला आणि इतरांनी यांत चौथ्या गोष्टीची भर घातली. अनुभवातले सौंदर्य जाणवणे आणि त्याबद्दल कदर वाटणे. ज्यांना हे अधिक साधते त्यांना आयुष्यही अधिक अर्थपूर्ण वाटते, आणि हे नाते पहिल्या तिन्ही गोष्टी बाजूला काढल्यावरही उरते. म्हणजे ज्याच्यापुढे सध्या मोठे ध्येय नाही, निवृत्त झालेला, आजारी, घरात अडकलेला, त्याच्यासाठीही अर्थाची ही वाट उघडी असते.

भिलाईपासून तासाभराच्या अंतरावरचे राजनांदगाव हे जणू सिद्धच करून दाखवते. मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. तळ्याकाठच्या त्या जुन्या राजवाड्याच्या परिसरात राहून त्यांनी हिंदीतल्या अतिशय अस्वस्थ, खोल कविता लिहिल्या. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. त्याच राजनांदगावात १९३७ साली जन्मलेल्या विनोदकुमार शुक्ल यांना तरुणपणी मुक्तिबोधांचे प्रोत्साहन लाभले. शुक्ल यांचा मार्ग मात्र निराळा. रायपूरच्या कृषी विद्यापीठात नोकरी करत त्यांनी लहान गावांतल्या लहान माणसांचे जग लिहिले. २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला.

त्यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रघुवर प्रसाद गणित शिकवतो. पगार थोडा, घर एका खोलीचे, बायको सोनसी नव्याने आलेली. त्या खोलीला एक खिडकी आहे आणि ती ओलांडली की तळे, झाडे, स्वच्छ हवा आणि प्रेमाने चहा देणारी एक म्हातारी असे जग उघडते. गरिबी लपवलेली नाही, तिचे कौतुकही केलेले नाही. फक्त त्या दोघांचे एकमेकांकडे आणि भोवतालाकडे इतके लक्ष आहे की खोली मोठी होते.

मराठीत असे लक्ष दुर्गाबाई भागवतांनी दिले. मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी त्या हिंडल्या. त्या भटकंतीत विषबाधा झाल्याने त्यांना दीर्घ आजारपण सोसावे लागले. १९५६ साली आलेल्या ‘ऋतुचक्र’ या पुस्तकात त्यांनी बाराही महिन्यांचे आकाश, झाडे आणि फुले टिपली. ते वाचलेल्या माणसाला आपल्या गल्लीतले झाड पूर्वीसारखे परके राहत नाही.

नोकरी आणि काम

इथे एक सावधगिरी हवी. छोट्या आनंदाचे गोडवे गाताना, ज्याच्याकडे काही नाही त्याने आहे त्यात समाधान मानावे, असा सूर सहज लागतो. तो सूर अन्यायाचा आहे आणि मला तो मान्य नाही.

पॅरींनी भिलाईत ऐकलेला एक भेद इथे फार उपयोगी पडतो. लोक कायम, सुरक्षित रोजगाराला ‘नौकरी’ म्हणत आणि रोजंदारीच्या, आज आहे उद्या नाही अशा मजुरीला ‘काम’. कारखान्यातल्या कायम कामगाराला चहाची उसंत होती, क्वार्टर होते, सेक्टर नऊचे रुग्णालय होते, मुलांना शाळा होती. त्याच आवारात ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुराला यातले फार थोडे मिळत होते. गेल्या काही दशकांत कायम कामगार कमी होत गेले आणि ठेक्यावरचे वाढले. उद्याची चूल पेटेल का या विवंचनेत असलेल्या माणसाला आजच्या आभाळाकडे पाहा असे सांगता येत नाही. त्याचे लक्ष विवंचनेने आधीच ताब्यात घेतलेले असते.

लहान आनंदांना म्हणूनच तीन गोष्टींचा आधार लागतो. थोडी उसंत, थोडी सुरक्षितता आणि थोडी सार्वजनिक जागा. भिलाईच्या आखणीत या तिन्ही गोष्टी होत्या. रस्त्यांच्या कडेला झाडे लावली, क्वार्टरला अंगण ठेवले, खेळाची मैदाने राखली. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये उभारलेल्या मैत्रीबागेत पांढरे वाघ आले, तळ्यात नावा आल्या. हे सारे कुणीतरी ठरवून केले होते. ज्या आठवणी खाजगी वाटतात त्यांच्यामागे असा एक सार्वजनिक निर्णय उभा असतो. अंगणच नसते तर पेरूची आठवण कुठून आली असती?

रोज करण्यासारखे

हा आधार ज्यांना थोडाफार लाभला आहे, त्यांनी तरी तो वाया घालवू नये. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना फोनवरून दिवसातल्या वेगवेगळ्या क्षणी विचारले, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भरकटलेले असताना ते कमी सुखी होते. म्हणून पहिला सराव असा. दिवसातले एकच काम निवडावे, कणीक मळणे, कुंड्यांना पाणी घालणे, स्टेशनपर्यंत चालणे, आणि तेवढा वेळ फक्त तेच करावे.

दुसरा सराव, लिहून ठेवणे. टिंग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की साध्या दिवसाची नोंद पुढे वाचताना किती आनंद होईल याचा अंदाज माणसे फार कमी बांधतात. खास दिवस तसेही आठवतात. साधा दिवस विसरला जातो, म्हणून त्याची नोंद काही महिन्यांनी हाती आली की ती ठेव्यासारखी वाटते. एका वहीत रोज दोन ओळी लिहायला कुठलीही प्रतिभा लागत नाही.

तिसरा सराव, काही गोष्टी ऋतूवर सोडणे. आंबा आंब्याच्या दिवसांतच खावा. आवडीची वस्तू मधूनमधून बंद ठेवावी. चौथा, कुणाचा तरी रागी होणे. घरातले कुणी क्षुल्लक वाटणारे काही सांगू लागले तर हातातले बाजूला ठेवून एक प्रश्न जास्त विचारावा. वय वाढते तशी या साध्या गोष्टींची गोडी वाढते, असे अमित भट्टाचार्जी आणि कॅसी मोगिलनर यांना २०१४ मध्ये आढळले. तरुणांची ओढ असामान्य अनुभवांकडे अधिक असते, वयस्करांना साधे अनुभवही तितकेच सुख देतात. पण त्यासाठी म्हातारपणाची वाट पाहायला हवी असे नाही.

आणि पाचवी गोष्ट एकट्याने होणारी नाही. गावात झाड तोडण्याचा, मैदानावर इमारत उठवण्याचा, उद्यानाला कुलूप लावण्याचा किंवा मजुराची सुट्टी कापण्याचा निर्णय होतो, तेव्हा कुणाच्या तरी रोजच्या आनंदाची जागा जाते. तिथे बोलले पाहिजे. आपल्या अंगणातला पेरू आपण जपतोच. ज्याला अंगण नाही त्याच्यासाठी सावलीतला एक कट्टा, पिण्याचे पाणी, आठवड्याची हक्काची सुट्टी आणि मुलांना खेळायला मैदान मागणे, ही छोट्या आनंदांची खरी कदर आहे.